बस्त्यावकाकांच्या क्रुसाखालचं गवत

आदरणीय फादर, कातरीनबाय, कोळीवाड्यातली माझी भावंडं, पापडीचे आणि होळी बाजाराकडचे बागायती करणारे वाडीवाले, आणि मागे भिंतीशी उभे राहिलेले तुम्ही सगळे,

मला बोलायची सवय नाही. देवळात वाचन करतो, मे महिन्यात गावच्या क्रुसाकडे जपमाळेची रोझरी सांगतो, पण ते शब्द माझे नसतात. आपल्या आजा-आजींनी म्हणून म्हणून गुळगुळीत केलेले शब्द, जीभ आपोआप वळते. आज शब्द माझे आहेत आणि समोर तुम्ही आहात. कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या खिशातच घामानं भिजल्या. राहू देत.

बस्त्यावकाका गेले त्याला आठवडा झाला. दुपारी ओटीवर जाळं शिवत बसले होते. कातरीनबाय चहा घेऊन आली तर मान छातीवर पडलेली. जन्मभर पाण्यात वावरलेला माणूस कोरड्या जमिनीवर, आपल्या घरात, बायकोच्या हाकेच्या अंतरावर गेला. असं मरण मागून मिळत नाही. त्याबद्दल प्रभूचे आभार.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. पण खरं सांगतो, माझं लक्ष लागत नव्हतं. कारण या शोकसभेच्या शेवटी रॉकभाऊ त्यांनी मांडलेला ठराव वाचणार आहेत. ठराव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मिठागरांच्या मागे खाडीचं जे वळण आहे, तिथे काकांनी लाकडी क्रूस रोवला होता. त्या जागी सिमेंटचा चौथरा बांधायचा, त्यावर मोठा क्रूस उभारायचा आणि दर वर्षी काकांच्या नावानं होड्यांची मिरवणूक न्यायची. सुरुवात येत्या रविवारी. ओहोटी लागली की सगळ्या होड्या निघणार, क्रुसाशी फुलं वाहणार.

मी हात जोडून सांगायला उभा राहिलो आहे. हे करू नका.

थांबा. कुजबुज ऐकू येते आहे मला. रॉकभाऊ, तुम्ही मान हलवता आहात तेही दिसतं आहे. तुमचं काकांवरचं प्रेम माझ्यापेक्षा कमी नाही, कदाचित जास्तच असेल. पण मला पूर्ण सांगू द्या. मग ठराव वाचा, नाहीतर मला खाली बसवा.

बस्त्यावकाका कसे होते? माणूस गेला की आपण त्याला लगेच शांत, सोशिक करून टाकतो. काका शांत नव्हते. भांडखोर होते. मिस्साला यायचे ते शेवटच्या बाकावर, दाराजवळ, कारण तिथून पाणी चढलं की उतरलं याचा अंदाज येतो. शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत काका पसार. फादरांनी एकदा विचारलं, "बस्त्याव, आशीर्वाद घेऊन तरी जा की!" तर म्हणाले, "फादर, तुमी पाठीवर द्या, पोचंल."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातूनच झाली. एके सकाळी मी केळीला पाणी सोडत होतो. हा माणूस गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, तसाच वाडीत शिरला. हातात एक सडकं, काळपट झुबकं. माझ्या पायाशी टाकलं आणि म्हणाला, "बघ. तुज्या युरियानं मेलं."

मी म्हटलं, "काय मेलं?"

"माजं गवत."

मी ते झुबकं पायानं उलटं केलं. म्हटलं, "काका, तुम्ही मासे धरता. तुम्हाला गवत कशाला लागतं? म्हैस घेतलीत का?"

त्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते या सभेत सांगण्यासारखं नाही. पण जाताना एवढं म्हणाले, "भरतीला तुमी वाडीवाले माडाकडं बघता. ओहोटीला एकदा खाली बघा."

मग मी एका मोठ्या ओहोटीला त्यांच्याबरोबर गेलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते गवत कधी पाहिलंच नसेल, म्हणून सांगतो. ते शेवाळ नाही. शेवाळाला मूळ नसतं, ते दगडाला नाहीतर लाकडाला चिकटतं, नाहीतर तरंगतं. हे गवत खरोखरीचं गवत आहे. गाळात मूळ धरतं, बोटभरसुद्धा वाढत नाही. पानं बारीक, भाताच्या पेऱ्यातून उगवणारी पहिली पाती असतात तशी नाजूक. पाणी असलं की त्याखाली डुलतं, पाणी उतरलं की चिखलावर सपाट निजतं. त्या पानांच्या खाली काकांनी बोट फिरवलं आणि बोटाच्या मागोमाग कोळंबीची पिल्लं उडाली, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी. बोयटांसारखे छोटे मासे तिथेच लपतात, खेकडे तिथेच कात टाकतात. आणि ते गवत गाळ धरून ठेवतं, म्हणून तिथलं पाणी स्वच्छ असतं. काका म्हणाले, "आपल्या गावात जशी बालवाडी, तशी ही खाडीची बालवाडी. मोटा मासा भायेर भेटंल. पन जल्माला हितंच येतो."

त्यांच्या लहानपणी खाडीच्या दोन्ही काठांना हे गवत होतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा फक्त त्या वळणावर उरलं होतं. आपल्या देवळाच्या अंगणाएवढं असेल, नसेल.

गवत का जातं आहे, हा प्रश्न त्या माणसाला झोपू देत नव्हता. आणि काकांचा स्वभाव असा, की प्रश्न पडला की आधी गुन्हेगार हवा. पहिला गुन्हेगार मी, आणि सगळे वाडीवाले, पिशवीतलं खत टाकणारे. दुसऱ्या वर्षी त्यांनी नारायणभाऊंना धरलं. नारायणभाऊ इथेच बसले आहेत, ते सांगतील. त्यांच्या रेतीच्या होड्यांसमोर काका आपली होडी आडवी घालून उभे राहिले होते.

"नारायन, तू खाडीचा तळ इकतोस!"

नारायणभाऊ काही कमी नाहीत. ते म्हणाले, "काका, तुमच्या घराची भिंत काय बेसनाची आहे?"

हसा. काकाही हसले होते, पण घरी येऊन. तिथे होडीत नाही हसले.

मग सरकारनं खारं पाणी अडवायला बांध घातला तेव्हा बांध गुन्हेगार झाला. मग खाडीच्या वरच्या अंगाचे कारखाने. एक दिवस पाण्याला रंग आला होता आणि मासे पोट वर करून आले होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पुढे पुढे तर काका भेटले की लोक म्हणायचे, "काका, यंदा कोणाची पाळी?"

चेष्टा व्हायची. आणि गवत दर पावसाळ्यानंतर थोडं थोडं आत सरकायचं.

त्यानंतर मुंबईच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाई आल्या. त्या शिंपले गोळा करायला आल्या होत्या. काकांनी त्यांना गवत दाखवलं. बाईंनी सरळ सांगितलं, की या खाडीबद्दल मी छातीवर हात ठेवून काही सांगू शकत नाही, पण इतरत्र अशी गवतं का मरतात ते सांगते. मग त्यांनी सांगितलं. पाण्याखालचं झालं तरी ते झाड आहे, त्याला ऊन लागतं. पाणी गढूळ झालं की ऊन तळाशी पोचत नाही आणि झाड उपाशी मरतं. रेती काढली की गाळ उठतो, तो दिवसचे दिवस बसत नाही. खत आणि गटाराचं पाणी आलं की दुसरंच बुळबुळीत शेवाळ माजतं, ते पानांवर बसतं, पुन्हा ऊन अडतं. बांध घातला की गोड्या-खाऱ्या पाण्याचा मेळ बिघडतो. कारखान्याचं पाणी तर वेगळंच. आणि जे यातूनही तगतं ते नांगरानं, तळ खरडणाऱ्या ओढीच्या जाळ्यानं, पायांनी उपटलं जातं. आपलं भाताचं रोप उपटलं की दुसरं लावता येतं. हे लावता येत नाही, निदान सहजी येत नाही.

पाणी किती गढूळ आहे ते मोजायची युक्तीही बाईंनीच दाखवली. पांढरी थाळी दोरीला बांधायची, पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारायची. बाई गेल्या आणि काकांनी घरातली पांढरी बशी उचलली. कातरीनबाय, रागावू नकोस, सांगतो आहे. कातरीनबायच्या लग्नातल्या बशा त्या. बाय बाजारातून आली, बघते तर बशीला दोरी.

"माजी बशी पान्यात बुडवतो, मंग चा काय ओंजळीत पिऊ?"

काका म्हणाले, "कपात पी ना. कपाला मी हात लावला का?"

ती बशी घेऊन काका महिनोन्‌महिने खाडीत फिरले. आणि एक दिवस माझ्या वाडीत आले. या वेळी पाय धुऊन आले. विहिरीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "इनास, तू सुटलास."

मी म्हटलं, "देवाची कृपा!"

"पुरता नाय. मी वाटे लावले. कातरीन बाजारात कोळंबीचे वाटे लावते ना, तसे. एक वाटा तुमचा वाडीवाल्यांचा. एक नारायनचा. एक कारखान्याचा, तो मोटा. एक बांधाचा. आन एक..." इथे त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं. "एक माजा. ओढीचं जाळं मी पन तिथूनच ओढलंय की."

त्या दिवसापासून काका बदलले असं मी म्हणणार नाही. भांडत राहिलेच. पण ओढीचं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं, आणि ज्या ज्या घरी जाऊन शिव्या दिल्या होत्या त्या घरी जाऊन म्हणाले, "तुजा वाटा तेवडा तू उचल, माजा मी उचलतो." नारायणभाऊ, तुम्ही त्या वळणापासून होड्या लांब न्यायचं कबूल केलंत आणि पाळलंत. त्याबद्दल काका तुम्हाला चारचौघांत कधी बरं म्हणाले नाहीत. माझ्यापाशी म्हणाले होते. आज ते तुमच्यापर्यंत पोचवतो.

आता क्रुसाची गोष्ट.

वळणाभोवती काकांनी आधी बांबू रोवले होते, इथे होडी घालू नका अशी खूण म्हणून. आपले लोक कसे आहेत? बांबू दिसला की त्याला जाळं बांधायचं. कुणी जाळी बांधली, कुणी होड्या बांधल्या, दोन बांबू तर कुणाच्या तरी मांडवाला गेले. काका वैतागले. मग त्यांनी आपल्या जुन्या होडीची डोलकाठी घेतली, तिला आडवं लाकूड ठोकलं, आणि गवताच्या मधोमध क्रूस रोवला. मला म्हणाले, "आता कोन जाळं बांधतो बघू. क्रुसाला जाळं बांधनारा आपल्यात अजून जल्माला नाय आला."

बरोबर होतं त्यांचं. कुणी जाळं बांधलं नाही. वर्षभर तिकडे कुणी फिरकलं नाही. आणि गवत सुटलं! खरंच सुटलं. कडेनं नवी पाती आली. काका मला ओढून घेऊन गेले होते दाखवायला. गवताच्या कडेबाहेर होडीत उभं राहून आम्ही बघत होतो आणि काका खाली वाकवाकून हसत होते.

पण मग एका घरातलं बाळ तापानं आजारी पडलं. त्या घराच्या खिडकीतून लांबवर तो क्रूस दिसायचा. आईनं क्रुसाकडे बघून नवस केला. बाळ बरं झालं. प्रभूची दया. ती माउली हार घेऊन, होडीत बसून गेली. तिचं काय चुकलं? काहीच चुकलं नाही. तिच्या जागी माझी बायको असती तर तिलाही मीच वल्हवत नेलं असतं.

पण एक गेली, मग दुसरी गेली. खाडीतला क्रूस पावतो अशी बोलवा झाली. होळीच्या बाजारातल्या हिंदू आयाबाया नारळ घेऊन गेल्या. आपल्याकडे देव वाटून घ्यायची पद्धत नाही, हे चांगलंच आहे. सगळे जायचे ते ओहोटीला. का? कारण ओहोटीला क्रुसाचा पाया उघडा पडतो, मेणबत्ती लावता येते. आणि ओहोटीलाच ते गवत चिखलावर निजलेलं असतं. त्यावर होड्यांचे तळ घासायचे, त्यावर नांगर पडायचे. लोक चपला काढून, भक्तिभावानं, त्या गवतावरून चालत क्रुसापर्यंत जायचे.

माझ्या भावांनो, बहिणींनो, जे गवत खतानं, रेतीनं, कारखान्यानं मेलं नाही, ते आपल्या प्रार्थनेच्या पायांखाली मरायला लागलं.

नारायणभाऊंच्या होडीसमोर आडवा होणारा माणूस, मेणबत्ती घेऊन आलेल्या बाईला काय सांगणार? "बाय, परत जा" असं म्हणणार? एकदा म्हणून पाहिलं त्यांनी. ती बाई रडली. म्हणाली, "काका, तुमी रोवलेला म्हनून काय क्रूस तुमचा झाला?" काका होडी वळवून घरी आले.

उपवासकाळाच्या सुरुवातीला ते माझ्याकडे आले. राखेच्या बुधवारनंतरचे दिवस होते. कपाळावर राख नव्हती, पण चेहराच राखेसारखा झाला होता. म्हणाले, "इनास, तू प्रार्थना सांगतोस. मला एक सांग. क्रूस उपटनं पाप हाय का?"

मी म्हटलं, "काका, मला ठाऊक नाही."

"मी देवासाठी रोवलाच नव्हता रे. मानसांना भ्या घालायला रोवला. देवाला मी राखनदार केलं. म्हनून तर देवानं हे दाखवलं नाय ना मला?"

मी त्यांना म्हटलं, की देव असा हिशेब ठेवत नसावा. ते म्हणाले, "मलाबी तसंच वाटतं. पन रातचं तसं वाटत नाय."

आमचं ठरलं, की पास्काचा, ईस्टरचा सण होऊ दे, मग फादरांना विचारायचं आणि क्रूस काढून काठावर, बंदराच्या पायऱ्यांजवळ लावायचा. तिथे कुणालाही यावं, मेणबत्ती लावावी, हार घालावा. वळण मोकळं सोडायचं. ते मनाशी वाक्यं जुळवत होते. भांडायला त्यांना कधी वाक्यं जुळवावी लागली नाहीत. पण हे सांगताना कोणाचं मन दुखवायचं नव्हतं त्यांना. आणि ते जुळवत असतानाच गेले.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाच्या तोंडी इनास आपलं घालतो आहे. तसं वाटणं साहजिक आहे. मला तीच भीती होती, म्हणून आज सकाळी मी कातरीनबायकडे गेलो. तिला म्हटलं, बाय, मी सभेत बोलू का नको? ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "बोल. तो गेला त्या दिवशी सकाळी पन तेच बोलत होता. मी म्हटलं, आता जेव तरी. आन त्या चवथऱ्यावर माजा नवरा नको मला. त्याला कवाच एका जागी बसवत नव्हतं."

कातरीनबाय, मी शब्द बदलला असेल तर इथेच सांग.

ती मान हलवते आहे. नाही बदलला.

मग मी फादरांकडे गेलो. फादर म्हणाले, "इनास, हे तू सभेत सांग. मी सांगितलं तर लोक माझ्या झग्याला मान देऊन गप्प बसतील. पटायचं नाही." म्हणून हा भार माझ्या खांद्यावर आला आहे, आणि मला तो पेलवेल असं अजूनही वाटत नाही.

रॉकभाऊ, तुम्ही मनात म्हणत असाल, हा रोझरी सांगणारा माणूस क्रूस काढा म्हणतो! मीसुद्धा रात्रभर हेच मनात घोळवलं आहे. पण उपवासकाळाच्या शेवटी आपण देवळातले क्रूस जांभळ्या कापडानं झाकतो. कुणी म्हणतं का, फादरांनी क्रूस लपवला? कापडाआड आहे हे माहीत असतं, म्हणून आपण जास्त निगुतीनं गुडघे टेकतो. बंदराच्या पायऱ्यांवरून वळण दिसतं. तिथे उभं राहून त्या रिकाम्या पाण्याकडे तोंड करून प्रार्थना केली तर ती पोचणार नाही का? प्रभूला होडी लागते का?

आणि सिमेंटच्या चौथऱ्याचं बघा. त्याचा पाया खणायचा तो त्याच गवतात. सामान न्यायचं ते त्याच गवतावरून. त्याला रेती लागणार, ती नारायणभाऊ मोफत द्यायला तयार आहेत, त्यांचं मन मोठं आहे. पण रेती येणार कुठून? त्याच खाडीच्या तळातून. बस्त्यावकाकांचं स्मारक खाडीचा तळ उपसून बांधायचं?

मला भीती वाटते. ती लपवून उपयोग नाही. मला चौथऱ्याची भीती वाटते, पण रविवारची जास्त वाटते. चौथऱ्याला अजून महिने आहेत. रविवार तीन दिवसांवर आला आहे. तुम्ही सगळे प्रेमानं निघाल, पापडीहून फुलं येतील, कोळीवाड्यातली एकही होडी मागे राहणार नाही. काकांवर इतकं प्रेम करणारी माणसं एका ओहोटीत तिथे उतरली, तर सोमवारी त्या जागी चिखल आणि झेंडूच्या पाकळ्या एवढंच दिसेल.

आणि दुसरी भीतीही सांगतो. आपण हे सगळं ऐकलं, क्रूस काठावर आणला, होड्या बांधून ठेवल्या, तरी ते गवत जगेल का? मला ठाऊक नाही. मनवेलपाड्याच्या बाजूला चाळीमागून चाळी उठताहेत. माणसांना घर लागतं, घराला रेती लागते, घराचं सांडपाणी कुठेतरी जातं. कारखाने आपलं ऐकत नाहीत. माझ्या वाडीत मी खत कमी केलं आहे, बंद केलेलं नाही, केळी उभी राहत नाही त्याशिवाय. काकांची बशी गेल्या वर्षी आधीपेक्षा लवकर दिसेनाशी होत होती. ते मला हळूच म्हणाले होते, "इनास, आपुन हरनार असंबी होईल." मी म्हटलं, "मग कशाला धडपडता?" त्यावर ते तडक उठले. टोपी उचलून घरी गेले. मला वाटतं, त्यांना माझाच राग आला होता.

म्हणून मी तुम्हाला कसलंही वचन देत नाही, की असं करा म्हणजे कोळंबी परत येईल. मी एवढंच म्हणतो, की त्या पाच वाट्यांतला एक वाटा पुरता आपल्या हातातला आहे. कारखान्याचा नाही, बांधाचा नाही. काकांनी 'माजा' म्हटला होता तो, आपल्या होड्यांचा आणि पायांचा. तो तरी उचलू या.

कोण म्हणालं ते? रॉकभाऊ, तुम्ही? "मग क्रूस काढायचा कुणी?" बरोबर विचारलंत. फादर, कातरीनबाय आणि मी. एकच होडी. ओहोटीला नाही, भर भरतीला, म्हणजे तळ लागणार नाही आणि कुणाला खाली उतरावं लागणार नाही. होडीतूनच सैल करून काढू. फादर प्रार्थना म्हणतील. तुम्ही बंदरावर थांबा, क्रूस तुमच्या हातात देऊ. तो पायऱ्यांजवळ कुठे आणि कसा उभा करायचा ते तुम्ही ठरवा, रॉकभाऊ. त्यात मी एक शब्द बोलणार नाही. ते काम तुमचंच आहे.

ठराव वाचायचा की नाही, तेही तुम्हीच ठरवा. मी घाईनं उत्तर मागत नाही. आधी काकांसाठी शांतता पाळू. नेहमी आपण उभं राहून पाळतो. आज तुम्ही बसूनच राहा अशी विनंती आहे. ज्यांना जपमाळ हातात घ्यायची असेल त्यांनी घ्यावी, ज्यांचा देव वेगळा आहे त्यांनी आपल्या देवाला सांगावं. आणि प्रत्येकानं डोळे मिटून एकदा ते वळण पाहावं, पाणी भरलेलं, वर कुणी नसलेलं.

बस्त्यावकाका, प्रभू तुम्हाला आपल्या काठाला लावो. या रविवारी तुमच्या वळणाकडे कुणी येणार नाही, एवढं बळ तो आम्हाला देवो. आमच्या होड्या बांधलेल्या राहोत. न येणं हाच आमचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.

फादर, शांतता सुरू करा. मी खाली बसतो.